आधी मर्यादा, मग पाहुणा

११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले. त्यांतला जिंजी तामिळनाडूत आहे, बाकीचे अकरा महाराष्ट्रात. राज्यभर आनंद झाला आणि तो रास्तच होता. मात्र या अकरा गडांवर एकाच कायद्याची सत्ता नाही, याकडे त्या आनंदात फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. शिवनेरी, लोहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे सात केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारके अधिनियमाखाली राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या ताब्यात आहेत.

या शनिवारी लोहगड आणि पुढच्या शनिवारी राजगड चढणाऱ्या मुलामुलींना हा फरक पायाखाली जाणवत नाही. दरवाजे तसेच, तटबंदी तशीच. पण लोहगडाच्या संरक्षित सीमेपासून शंभर मीटरांत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगीशिवाय करता येत नाही, हे केंद्रीय कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीने ठरले. गडाची वाट ज्या रानातून जाते तिथे वनखात्याचे नियम लागू होतात. पायथ्याला गाडी लावली की ग्रामपंचायतीची पावती हातात पडते. जेवणासाठी थांबलो ते शेड शेतजमिनीवर असेल, तर बिनशेती परवानगीचा प्रश्न महसूल कायद्याखाली येतो. हातातली प्लास्टिकची पिशवी आणखी एका कायद्याची. एका दिवसाच्या भटकंतीत माणूस पाच-सहा कायद्यांच्या हद्दी ओलांडतो आणि संध्याकाळी घरी परततो तेव्हा त्याला त्यातल्या एकाचेही नाव ठाऊक नसते.

हे पुस्तक त्या कायद्यांविषयी आहे. राज्याने केलेले, राज्याने राबवायचे आणि राज्याने पुष्कळदा कागदावरच ठेवलेले कायदे, नियम, अधिसूचना आणि शासन निर्णय येथे एकत्र आणून सोप्या मराठीत मांडले आहेत. या प्रस्तावनेत त्या सगळ्यांमागचा एक धागा तेवढा दाखवायचा आहे.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्र आणि राज्ये यांच्या विषयांची वाटणी आहे. तीत पर्यटनाची स्वतंत्र नोंद कुठल्याच यादीत नाही. पण पर्यटन ज्यांच्यावर उभे राहते त्या बहुतेक गोष्टी राज्यसूचीत आहेत: जमीन, पाणी, ग्रामपंचायती आणि नगरपालिका, सार्वजनिक आरोग्य, मद्य, मासेमारी, देशांतर्गत तीर्थयात्रा, उतारूंच्या निवासाच्या जागा, करमणूक आणि क्रीडा, तसेच राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित न झालेली स्मारके. वने आणि वन्य प्राणी हे विषयही आधी राज्यांकडेच होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेले. म्हणजे दिल्लीने कितीही धोरणे आखली, तरी डोंगराच्या उतारावर बंगला उभा राहील की नाही, धबधब्याखाली किती माणसे जातील, समुद्रकिनाऱ्यावर बाटल्या फुटतील की नाही, हे ठरवणारा हात मुख्यतः राज्याचा आहे. वनरक्षक, तलाठी, तहसीलदार, पोलीसपाटील, ग्रामसेवक ही सारी राज्याच्या कारभारातली माणसे.

राज्याचा हा हात तीन प्रकारे चालतो आणि त्यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. पहिला प्रकार अधिनियमाचा. त्याचे विधेयक विधानसभा आणि विधानपरिषद यांच्यापुढे येते, त्यावर चर्चा होते, राज्यपालांची संमती मिळते, राजपत्रात प्रसिद्धी होते. त्यात गुन्हा आणि शिक्षा लिहिता येते. दुसरा प्रकार त्या अधिनियमाखाली काढलेल्या नियमांचा आणि अधिसूचनांचा. तिसरा प्रकार शासन निर्णयाचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या जीआरचा. तो मंत्रालयातल्या एखाद्या विभागातून निघतो आणि दुसऱ्या जीआरने बदलतो. तो खात्याला दिशा देतो, अनुदान देतो, समिती नेमतो. पण केवळ जीआर काढून नवा गुन्हा निर्माण करता येत नाही. महाराष्ट्रात पर्यटनाविषयी सर्वांत जास्त लिखाण झाले ते या तिसऱ्या प्रकारात. २०१६ चे पर्यटन धोरण, २०२० चे कृषी पर्यटन धोरण, २०२१ चे साहसी पर्यटन धोरण, २०२४ चे नवे पर्यटन धोरण ही सारी धोरणे आहेत. पाहुण्याला बोलावणारे कागद विपुल आहेत. त्याला कुठे थांबवायचे हे सांगणारे कागद थोडे आणि विखुरलेले आहेत.

विखुरलेले असले तरी त्यांत दम नाही असे नव्हे. प्लास्टिकचे उदाहरण घ्या. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबई बुडाली आणि गटारे तुंबण्याच्या कारणांत प्लास्टिकच्या पिशव्यांचे नाव पुढे आले. त्यानंतर २००६ चा महाराष्ट्र अविघटनशील कचरा नियंत्रण अधिनियम झाला. याच अधिनियमाच्या आधारे २३ मार्च २०१८ ची प्लास्टिक आणि थर्मोकोलबंदीची अधिसूचना निघाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. शहरातल्या दुकानदाराला ही अधिसूचना पहिल्याच वर्षी समजली. पण तीच अधिसूचना हरिश्चंद्रगडाच्या पठारावर आणि ताम्हिणीच्या कड्यावरही लागू आहे, हे कितीजणांच्या गावी आहे? तिथे दंड करायला कोण उभे आहे? कायद्याचा मजकूर सगळीकडे सारखा असतो, कायद्याचा माणूस सगळीकडे नसतो. या पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणात वाचकाला हाच प्रश्न पुन्हा भेटेल.

कायद्याने निसर्गस्थळाची मर्यादा आधी आखून दिली की काय साधते, हे पाहायचे तर माथेरानला जावे. मुरुड-जंजिऱ्याच्या किनारपट्टीसाठी १९८९ मध्ये, महाबळेश्वर-पाचगणीसाठी २००१ मध्ये आणि माथेरानसाठी ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्राने १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली विकासाला मर्यादा घालणाऱ्या अधिसूचना काढल्या. अधिकार केंद्राचा, पण त्याबरहुकूम क्षेत्राचा आराखडा करणे, बांधकामे रोखणे आणि संनियंत्रण समितीच्या शिफारशी अमलात आणणे हे काम राज्याचे. माथेरानमध्ये मोटारगाडी चालत नाही. नेरळहून घाट चढून आलेली प्रत्येक गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे पायी किंवा घोड्यावर, वर्षानुवर्षे हातरिक्षातही. नाक्यावर इंजिनाचा आवाज मागे राहतो आणि लाल मातीचा रस्ता सुरू होतो. पावसाळ्यात ही माती घोड्यांच्या खुरांखाली चिकचिकते, उन्हाळ्यात झाडांच्या पानांवर तांबडी धूळ बसते. १९०७ पासून नेरळहून वर येणारी छोटी गाडी आणि ही तांबडी माती मिळूनच माथेरान ओळखू येते.

पण याच मर्यादेचा भार कोणाच्या खांद्यावर पडला, हेही तिथेच दिसते. गाड्या नाहीत म्हणून माणूस माणसाला ओढत राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षाची ही प्रथा माणुसकीला सोडून आहे असे सांगत ती सहा महिन्यांत बंद करण्याचे आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांची योजना करण्याचे आदेश राज्याला दिले. निसर्गाची मर्यादा आखणारा कायदा तिथे राबणाऱ्या माणसाच्या पोटाची तजवीज करत नसेल, तर ती उणीव पुढे न्यायालयाला भरून काढावी लागते, हा माथेरानचा धडा आहे. दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात, एकाच वेळी लिहायला हव्या होत्या.

कासचे पठार याहून वेगळी गोष्ट सांगते. साताऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, बाराशे मीटर उंचीवर जांभ्या खडकाचा हा सडा आहे. खडकावर मातीचा थर जेमतेम काही बोटे जाड. जूनमध्ये पाऊस पडला की खडकातल्या खळग्यांत पाणी साठते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच पाण्याच्या कडेने सीतेची आसवे, तेरडा, सोनकी, गेंद आणि वायतुरा असे एकामागून एक बहर येतात. टोपली कारवी काही वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलली की सारा उतार जांभळा होतो. साडेआठशेहून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद असलेले हे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाट या जागतिक वारसास्थळाच्या एकोणचाळीस घटकांपैकी एक ठरले.

या सड्यावर वाकून पाहावे. सीतेची आसवे ही बोटभर उंचीची किडेखाऊ वनस्पती. तिचे निळे-जांभळे फूल करंगळीच्या नखाएवढे असते. ती पाण्याने भिजलेल्या पातळ मातीत उभी असते आणि त्याच मातीत तिच्या शेजारी डझनभर इतर जातींची बीजे पुढच्या वर्षाची वाट पाहत असतात. फोटो काढण्यासाठी पर्यटक दोन पावले आत टाकतो. बुटाखाली ती माती दबते, पाणी दुसरीकडे वळते आणि पुढच्या पावसात त्या जागी फूल येत नाही. एका माणसाचे पाऊल फारसे काही बिघडवत नाही. हजारोंच्या पावलांनी मात्र तिथे पायवाट होते आणि पायवाटेवर काही उगवत नाही.

इथे वनविभागाने आसपासच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांना बरोबर घेतले. प्रवेशशुल्क ठरले, ऑनलाइन नोंदणी सुरू झाली, दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा घातली गेली. वाहने लांब थांबू लागली. वाट दाखवायला, शिट्टी वाजवून आत शिरलेल्याला बाहेर काढायला गावातली मुले-मुली उभी राहिली आणि शुल्कातला पैसा समित्यांकडे आला. एकदा पठाराला जाळीचे कुंपणही घातले गेले होते. त्यामुळे माणसे थांबली, पण जनावरेही थांबली. चराई बंद झाल्यावर उंच गवत वाढले आणि लहान फुलांच्या वाट्याचा प्रकाश कमी झाला. पुढे ते कुंपण काढण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या सड्यावर गुरे चारणाऱ्या गावकऱ्यांना जे ठाऊक होते, ते नियम लिहिणाऱ्यांच्या लक्षात यायला काही वर्षे जावी लागली. कासची व्यवस्था निर्दोष नाही. सुट्टीच्या दिवशी अजूनही रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. पण मर्यादा आकड्यात ठरवणे, ती राखण्याचे काम तिथल्याच माणसांना देणे आणि पैसा तिथेच ठेवणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होऊ शकते, याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण कासच आहे.

राज्याच्या हाती आणखीही बारीक हत्यारे आहेत. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमाच्या कलम ३७ खाली राज्य सरकार स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून एखादी जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित करू शकते. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराजवळच्या पाण्यात २०२० मध्ये एका छोट्या माशाची नवी जात नोंदवली गेली आणि तिला त्या नदीचेच नाव मिळाले. २०२१ मध्ये राज्याने ती जागा वारसास्थळ म्हणून घोषित केली. जेमतेम दोन हेक्टरांचा तो परिसर. आंबोलीच्या मुख्य धबधब्यावर पावसाळ्यात गर्दी उसळते, तिथून फार दूर नसलेल्या या झऱ्यात बोटभर मासा कायद्याच्या छत्राखाली पोहतो. देवाच्या पाण्यात मासे धरायचे नाहीत, ही श्रद्धा तिथे आधीपासून होती. कायद्याने तिला आधार दिला. जिथे लोकांची रीत आणि राज्याचा कायदा एका दिशेने चालतात तिथे पहारेकऱ्याची गरज सर्वांत कमी पडते.

आता याच्या उलट बाजूकडे यावे लागते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर काही दिवसांतच जिल्हाधिकाऱ्यांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली पर्यटनस्थळांवर मनाई आदेश लागू केले. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. लोक तो ओलांडून गेले आणि त्यांना थांबवायला कोणी नव्हते.

कलम १६३ हे शांतताभंगाच्या किंवा तातडीच्या प्रसंगासाठीचे हत्यार आहे. दंडाधिकाऱ्याचा आदेश दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. राज्य सरकारने मुदत वाढवली तरच तो पुढे सरकतो. सह्याद्रीत पाऊस चार महिने पडतो आणि दरवर्षी पडतो. दरवर्षी ठरल्या वेळी येणाऱ्या गर्दीला आणीबाणी समजून आदेश काढायचा, ऑक्टोबरात तो विसरायचा आणि पुढच्या जूनमध्ये दुर्घटनेनंतर पुन्हा काढायचा, हा कारभार नव्हे. शिवाय अशी सरसकट बंदी सगळ्यांना एकाच मापाने मोजते. गावातल्या भजीवाल्याची हातगाडी त्यात अडते, वाट जाणणारा अनुभवी गिर्यारोहक अडतो. दारू पिऊन धबधब्याखाली उतरणारा मात्र पोलीस दिसेनासे झाले की पुन्हा उतरतो.

साहसी पर्यटनाचीही हीच कथा. जुलै २०१८ मध्ये राज्याने सुरक्षेसाठी शासन निर्णय काढला. गिर्यारोहण संस्थांनी त्यावर हरकती घेतल्या, कारण दरीत दोर टाकून उतरणे आणि सिंहगडाची पायवाट चढणे यांना एकाच तागडीत तोलता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आले. त्यात आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक, विमा आणि बचावाची तयारी यांचा विचार आहे आणि तो मोलाचा आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात टाकून दोन बसेस भरणारा आणि कळसूबाईच्या शिड्यांवर शंभर जणांना एकामागे एक उभे करणारा आयोजक आजही नोंदणीविना धंदा करतो. दुर्घटना घडली की मदतीला धावतात ती आसपासच्या गावांतली माणसे आणि विनामोबदला काम करणारी बचावपथके. कायद्याने त्यांना मान दिला पाहिजे, विम्याचे संरक्षण दिले पाहिजे आणि साधनेही दिली पाहिजेत.

डोंगराला गर्दीइतकाच, किंबहुना अधिक धोका जमिनीच्या वापरातून आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये राज्याने गिरिस्थान प्रकारच्या क्षेत्रांत पर्यटन नगरे उभारण्यासाठी विशेष विनियम केले. मुळशी तालुक्यात, वरसगाव धरणाच्या काठावर उभे राहिलेले लवासा त्याच वाटेवरचे. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तिथले काम थांबवण्याची नोटीस दिली, २०११ मध्ये पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळाली, २०१८ मध्ये प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. डोंगराचा उतार मात्र पूर्वीसारखा झाला नाही. आता ‘नवीन महाबळेश्वर’ या नावाने सातारा जिल्ह्यातल्या २३५ गावांचा विकास आराखडा महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाच्या हाती दिलेला आहे. कास आणि कोयनेच्या आसपासच्याच या डोंगररांगा. रस्ते बांधणाऱ्या महामंडळाने डोंगराचे नियोजन करावे का, हा प्रश्न विधिमंडळात मोकळेपणाने विचारला गेला पाहिजे.

दुसरीकडे पश्चिम घाटातल्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा प्रश्न टांगलेला आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला आणि निर्णयाची सुरुवात ग्रामसभेपासून व्हावी असे सांगितले. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने क्षेत्र कमी केले. २०१४ पासून मसुद्यांमागून मसुदे निघाले आणि जुलै २०२४ मध्ये सहावा मसुदा आला. त्यात सहा राज्यांतले सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर क्षेत्र असून त्यातले १७,३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्रातले आहे. खाणी, दगडखाणी, अतिप्रदूषक उद्योग आणि वीस हजार चौरस मीटरांहून मोठी बांधकामे यांना त्यात मनाई आहे. शेती किंवा घर दुरुस्त करणे त्यात अडत नाही. तरीही ‘आमचे गाव वगळा’ अशी मागणी गावोगाव उठली, कारण गावकऱ्यांपर्यंत मसुदा मराठीत, समजेल अशा रीतीने कोणी नेलाच नाही. अज्ञानाच्या जागी भीती बसते आणि त्या भीतीचा फायदा खाणवाल्याला होतो.

शेजारच्या गोव्याकडे पाहिले तर वेगळी वाट दिसते. तिथे २००१ चा पर्यटनस्थळे संरक्षण व देखभाल अधिनियम आहे. २०१९ च्या दुरुस्तीने किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणे, दारू पिणे आणि बाटल्या फोडणे याला मनाई झाली. एकट्याला दोन हजार आणि गटाला दहा हजार रुपये दंड ठरला. गोव्याचे सगळे प्रश्न या कायद्याने सुटले असे कोणी म्हणणार नाही. पण पर्यटनस्थळ ही स्वतंत्र कायद्याने राखायची वस्तू आहे, हे तिथल्या विधानसभेने मान्य केले. महाराष्ट्राने अजून केलेले नाही.

असा कायदा म्हटले की दोन आक्षेप येतात. पहिला पोटाचा. पर्यटनावर हजारो घरे चालतात. बंधने घातली तर ती उपाशी मरतील. हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासकडे पाहावे. तिथे कासवांची अंडी राखण्याचे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन सुरू केले आणि पुढे कासव महोत्सव उभा राहिला. पाहुणा गावातल्या घरात उतरतो, घरचे जेवण जेवतो, पहाटे रांगेत उभा राहून पिल्ले समुद्रात जाताना पाहतो. पिल्लांना हात लावायचा नाही, दिवा मारायचा नाही. बंधन पाळल्यामुळेच वेळासला उत्पन्न आहे. कासवे गेली तर पाहुणाही येणार नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या काजव्यांचे तसेच. नर काजवा मादीला प्रकाशाने साद घालतो. गाड्यांच्या दिव्यांत आणि फ्लॅशमध्ये ती साद हरवते. काजवे संपले तर भंडारदऱ्याच्या जून महिन्याची कमाईही संपेल.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. डोंगर सर्वांचा, मग परवाना कशाला? भटक्यांच्या मनातला हा प्रश्न प्रामाणिक आहे. शिवरायांच्या गडावर जायला तिकीट काढावे लागावे, हे अनेकांना खटकते. पण डोंगर सर्वांचा आहे याचा अर्थ तो आज येणाऱ्या पन्नास हजारांइतकाच पन्नास वर्षांनी येणाऱ्यांचाही आहे. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यावर पर्यावरण राखण्याची जबाबदारी कलम ४८-क मध्ये टाकली, तशीच प्रत्येक नागरिकावर कलम ५१-क मध्ये टाकली. राज्याचे आणि नागरिकाचे कर्तव्य एकाच दुरुस्तीत, एकाच श्वासात आले आहे.

म्हणून या प्रस्तावनेचे म्हणणे स्पष्ट आहे. महाराष्ट्राला निसर्ग आणि दुर्ग पर्यटनाचा एक स्वतंत्र अधिनियम हवा आणि त्यात किमान चार गोष्टी हव्यात. प्रत्येक संवेदनशील स्थळाची वहनक्षमता, म्हणजे ते किती माणसे पेलू शकते हे, अभ्यासाने ठरवून, आकड्यात लिहून, ऋतूनुसार जाहीर केली जावी. हा आकडा ठरवताना ग्रामसभेचे म्हणणे बंधनकारक असावे. केवळ सल्ला म्हणून फायलीत लागू नये. शुल्काचा आणि दंडाचा ठरलेला वाटा त्याच गावात, त्याच वाटेच्या देखभालीसाठी आणि तिथल्या रोजगारासाठी परत यावा. आणि आयोजकाची जबाबदारी, नोंदणी न करणाऱ्याला होणारी शिक्षा, बचावपथकांचे संरक्षण हे सारे जीआरमध्ये न राहता अधिनियमात यावे. यातले काहीही अघटित नाही. कास, वेळास, माथेरान यांनी त्याचे तुकडे करून दाखवले आहेत, काही यशाने तर काही चुकांनी. ते तुकडे जोडणे हे विधिमंडळाचे काम आहे.

पुस्तकाची रचना याच हेतूने केली आहे. पहिल्या भागात जमीन, वने, स्मारके आणि किनारा यांविषयीचे कायदे आहेत. दुसऱ्यात पर्यटनाची धोरणे आणि त्यांतले कोणते बंधनकारक, कोणते केवळ मार्गदर्शक याचा खुलासा आहे. तिसऱ्या भागात निवडक स्थळांचा अभ्यास आहे. शेवटी ग्रामसभा, गिर्यारोहण संस्था आणि सामान्य वाचक यांना माहिती अधिकाराचा अर्ज, मसुद्यावरची हरकत आणि संनियंत्रण समितीकडची तक्रार कशी करावी, याचे नमुने दिले आहेत. वाचकाने हा शेवटचा भाग चाळून सोडून देऊ नये. राजपत्रात मसुदा निघाला की हरकतींसाठी ठराविक मुदत मिळते. पर्यावरण संरक्षण नियमांखालच्या मसुद्यांना ती साठ दिवसांची असते. त्या साठ दिवसांत जे बोलतात त्यांचे म्हणणे नोंदले जाते, जे नंतर हळहळतात त्यांचे कुठेच नोंदले जात नाही.

म्हणून विनंती एवढीच. पुढच्या वेळी गडाच्या पायथ्याला पोचाल तेव्हा ही जमीन कोणाच्या ताब्यात आहे, येथे कोणता नियम लागू आहे आणि तुमच्या पावतीचे पैसे कुठे जातात, हे तिथल्या माणसाला विचारा. उत्तर मिळाले नाही तर ग्रामपंचायतीत विचारा, तिथेही नाही मिळाले तर आपल्या आमदाराला लिहा. अधिवेशन वर्षातून तीनदा भरते आणि प्रश्न विचारणारा आमदार मतदाराच्या पत्राने जागा होतो. डोंगरासाठी कायदा करा, तो मोजून करा आणि डोंगरात राहणाऱ्यांना विचारून करा, हे त्याला सांगण्याचे काम तुमचे-माझे आहे.